आनंदरावच्या मानेतला आवाज

फुगा कसा दाबायचा हे गोविंदाला नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "बाबा, तुम्ही श्वास घेतला की दाबायचा, सोडला की सोडायचा. बाकी काही नाही." तेव्हापासून गोविंदा आपला श्वास सांभाळून घेत होता. घशात खवखव झाली तरी खोकला गिळत होता. बापाला ठसका लागला तर पोराचा श्वास चुकायचा.

काळ्या रबराचा तो फुगा एका नळीला जोडलेला होता आणि नळी आनंदरावच्या तोंडातून खाली उतरली होती. आनंदराव हा गोविंदाचा एकुलता एक लेक. तिशीही गाठली नव्हती. संत्र्यानं भरलेली पेटी एका झटक्यात ट्रकवर चढवणारा गडी. आता पापणी उचलण्याचंही बळ त्याच्यात नव्हतं. श्वासाचं मशीन त्या दवाखान्यात एकच होतं आणि ते दुसऱ्या पेशंटला लागलेलं होतं. तेव्हा घरच्यांनीच पाळीपाळीनं फुगा दाबायचा. सासरा थकला की सून, सून थकली की मामा. नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात याचं कोणाला नवल वाटत नव्हतं.

सकाळी मोठे डॉक्टर आले. आनंदरावच्या पापण्या उचलून त्यांनी बॅटरीचा उजेड टाकला. बाहुल्या मोठ्याच्या मोठ्याच. कापसाची वात डोळ्याला लावली, भुवईवर अंगठा रोवला, नळीतून आणखी एक बारीक नळी घालून खोकला येतो का पाहिलं. शेवटी ऑक्सिजन चालू ठेवून फुगा जरासा थांबवला आणि छातीकडं बघत उभे राहिले. छाती हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबायची खूण केली, आनंदरावची बायको कांताबाई हिच्या हाती फुगा दिला आणि गोविंदाला दोन पावलं बाजूला घेतलं. मारोतराव, म्हणजे गोविंदाचा साळा, मागोमाग गेलाच.

"बाबा, हृदय चालू आहे. पण मेंदू गेला असं मला वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पडला तेव्हा डोक्याला लागलं, आत सूज आली असणार. फोटोत हाड तुटलेलं नाही, पण आतलं त्या फोटोत दिसत नाही. तुम्ही दाबता म्हणून श्वास आहे."

"आन नाई दाबलं तं?"

डॉक्टरांनी गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घाई नाही. घरात बोला."

घरात बोला म्हणजे गोविंदानंच ठरवायचं होतं. घरात त्याच्याहून वडील कोणी उरलं नव्हतं. बायको भीमाबाई जाऊन वर्षं झाली होती.

मारोतरावच्या डोक्यात सगळं आधीच ठरलेलं होतं. तो हलक्या आवाजात बोलला, पण त्याचा हलका आवाजसुद्धा चार खाटांपलीकडं जायचा. "भाऊजी, ऐका माह्यं. पडल्याची केस हाय. इथी गेला तं पोलीस येईन, मंग चिरफाड. जीपवाला आपल्या काटोलचाच हाय, मी बोलून ठेवलं त्याच्याशी. फुगा दाबत दाबत घरी नेऊ. पोराले आपल्या घरच्या दारात तरी जाऊ द्या. धड देहानं जाऊ द्या."

आमच्या भागातली ही जुनी भीती. माणूस दवाखान्यात मेला की तो आपला राहत नाही, सरकारचा होतो, अशी. म्हणून श्वास आहे तोवर घरी न्यायचं. कितीतरी माणसं अशी फुग्यासकट गावाकडं गेली, आणि दारात फुगा थांबला. गोविंदालाही ते पटत होतं. त्यानं मान हलवली.

पण मान हलवताना त्याला दुसरंच काही आठवत होतं.

'पायरीवरून पडला, डोकं आपटलं,' एवढंच त्यानं काटोलच्या डॉक्टरला सांगितलं होतं. नागपुरातही तेवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. आनंदराव अंगणातल्या पायरीवर पडला होता, कपाळ फुटलं होतं. पण पडायच्या आधीचं गोविंदानं गिळलं होतं. त्या सकाळी पोरगा संत्र्याच्या बगीच्यातून राखण करून आला तो झोकांड्या खात. डोळे अर्धे मिटलेले. जीभ जड. "बा, मले दोन दोन दिसून राह्यले," असं काहीतरी बरळला. अंगणात ओकला. गोविंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं पोराला आधार दिला नाही, तोंड फिरवलं. आणि पाठीमागं धपकन आवाज आला.

गोविंदाच्या घरात दारू येत नव्हती, हे काटोलच्या वस्तीत शेंबडं पोरही सांगायचं. छप्पन साली नागपुरात दीक्षा झाली तेव्हा गोविंदा ऐन जवानीत होता. मी दारू पिणार नाही, ही प्रतिज्ञा त्यानं लाखो माणसांबरोबर उभं राहून म्हटली. त्याला तीस वर्षं होत आली होती, आणि त्यानं ती नुसती पाळली नाही, पाळायला लावली. वस्तीतली हातभट्टी त्यानं उठवली. नवरे पिऊन आले की बाया त्याच्याकडं तक्रार घेऊन यायच्या. खुद्द मारोतरावला, सख्ख्या साळ्याला, त्यानं विहाराच्या ओट्यावर सगळ्यांदेखत उभं केलं होतं. अशा माणसाचा लेक सकाळी सकाळी पिऊन घरी आला, हे तो कोणत्या तोंडानं सांगणार? आणि आता तर पोरगा चालला होता. मेल्यावर लोक काय म्हणतील? पेताड होता, पडून मेला. ते गोविंदाला नको होतं. निदान ते झाकलं राहावं.

तो खाटेपाशी आला. "कांता, आवर पोरी. घरी जाऊ."

कांताबाई फुगा दाबत होती. तिनं मान वर केली नाही. "मी नाई येत."

"काय वं?" मारोतराव म्हणाला.

"मेंदू मेला म्हनते तं मले दाखवा आधी. उद्या माह्ये लेकरं इचारतीन, आई, बाबाचा श्वास काहून थांबवला? काय सांगू? डाक्टर म्हने म्हून?"

"अवं, येवढे शिकले ते. त्यायले समजत नाई, तुले समजते?"

"मले नाई समजत. म्हून तं दाखवा म्हनते." मग ती सासऱ्याकडं वळली. आवाज चढवला नाही. "मामाजी, तुमीच विहारात सांगता ना सगळ्यायले, का कोनी सांगतलं म्हून मानू नोका, पाहून माना? मंग मी काय येगळं म्हनलं?"

मारोतराव तोंडातल्या तोंडात म्हणाला, "घ्या. आनखी शिकवा सुनेले."

मोठे डॉक्टर पलीकडच्या खाटेपाशी होते. त्यांनी ऐकलं. त्यांना राग यायला हवा होता, पण आला नाही. चष्मा काढून ते क्षणभर कांताबाईकडं पाहत राहिले आणि नर्सला म्हणाले, "खालून सोनकुसरेंना बोलवा. म्हणावं, ते ऐकायचं यंत्र घेऊन या."

डॉ. सोनकुसरे पायांच्या नसा बघायचे. साखरेच्या आजारानं ज्यांची बोटं काळी पडतात, त्यांच्या पायात रक्त कुठवर पोचतं हे ते यंत्रानं ऐकून सांगायचे. माणूस नागपुरातलाच, विणकरांच्या घरातला, बोलणं अघळपघळ. हातात डब्यासारखं यंत्र आणि त्याला तारेनं जोडलेली पेनसारखी कांडी. ते आले, स्टूल ओढून बसले आणि आधी त्यांनी केस वाचली नाही, माणसं पाहिली.

"कोणाला पाहायचं आहे?"

"मले," कांताबाई म्हणाली.

"पाहता नाही येणार, ऐकता येईल. चालेल?"

तिनं मान डोलावली.

"बाबा, तुम्ही या इकडं. आधी तुमची मान."

गोविंदाला समजेना, पण तो वाकला. डॉक्टरांनी त्याच्या मानेला जबड्याखाली गार चिकट मलम लावलं आणि कांडी टेकवली. डब्यातून आधी खरखर आली. कांडी जराशी सरकली आणि एकाएकी आवाज सुरू झाला. सूऽप... सूऽप... सूऽप. पहाटे कोणी खराट्यानं अंगण झाडावं तसा, लांब आणि एकसारखा.

"हे काय हाय?"

"तुमचं रक्त. वर मेंदूकडं चाललंय. या कांडीतून एक आवाज आत जातो. तो आपल्या कानाला येत नाही. वाहत्या रक्ताला धडकून तो परत येतो आणि यंत्र तो आपल्याला ऐकवतं. रक्त थांबलेलं असलं तर यंत्र गप्प."

मारोतराव पुढं सरकला. "भाऊजीच्या मानीत रगत हाय, हे आज समजलं. मी समजत होतो नुसती अकड हाय."

कांताबाईच्या ओठांचा कोपरा हलला. त्या खाटेपाशी दोन दिवसांत कोणी हसलं नव्हतं.

डॉक्टर कांडी पुसत म्हणाले, "आता नीट ऐका. मेंदू मेला की डोकं आतून सुजतं. कवटी तर हाडाची, ती फुगत नाही. मग वर जागा उरत नाही. हृदय खालून रक्त लोटतच असतं. ते रक्त वर जाऊन अडतं आणि मागं येतं. तेव्हा हा असा लांब आवाज येत नाही. तुटक येतो. एक पुढं, एक मागं. किंवा नुसता एक ठोका आणि मग शांत."

गोविंदा विचार करून बोलला. "म्हन्जे वाफ्याचं तोंड बंद हाय आन इंजिन चालूच हाय. पानी बांधाले भिडते आन पाटानं उलटं येते."

"अगदी तसंच. पण एक सांगून ठेवतो. नुसत्या या आवाजावरून कोणाला मेलेला ठरवायचं नसतं, आणि जिवंतही नाही. हा एक साक्षीदार आहे. बाकीच्या साक्षी मोठ्या डॉक्टरांनी घेतल्यात, त्या सगळ्या एका बाजूच्या आहेत. याची तेवढी राहिली."

कांताबाई फुगा दाबत होती. डॉक्टरांनी आनंदरावच्या मानेला मलम लावलं. कांडी टेकवली. खरखर. कांडी वर सरकवली. खरखर. मारोतरावनं डोळे मिटून घेतले. गोविंदानं मात्र डब्याकडं डोळे लावले, जणू आवाज दिसणार होता.

आणि आवाज आला.

सूऽप... सूऽप... सूऽप.

डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूला लावून पाहिलं. तोच आवाज. मग डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, भुवईच्या खाली, अगदी हलक्या हातानं कांडी धरली. तिथं बारीक, पण तोच. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. गोविंदा तो आवाज तुटायची वाट बघत होता, आणि तो तुटत नव्हता.

"बाबा," शेवटी डॉक्टर म्हणाले, "पाणी वाफ्यात चाललंय."

मारोतरावनं डोळे उघडले. "म्हन्जे? जिता हाय का?"

"मेंदूला रक्त जातंय, एवढंच मी सांगतो. मेंदू मेला असता तर सहसा असं जात नाही. आता प्रश्न उलटा झाला. रक्त जातंय तर डोळे का हलत नाहीत? श्वास का नाही? हातपाय का नाहीत?" ते गोविंदाकडं वळले. "बाबा, एखादं विष किंवा गोळी अंगात गेली तरी माणूस असाच मेल्यासारखा पडतो. बगीच्यातलं फवाऱ्याचं औषध हाती होतं का? झोपेच्या गोळ्या? दारू? काहीही असो, सांगा. मी पोलीस नाही."

गोविंदाच्या समोर मारोतराव उभा होता. ज्याला त्यानं ओट्यावर उभं करून चारचौघांत मान खाली घालायला लावली, तोच मारोतराव. मागं सून होती. आणि डब्यातला आवाज नुकताच बंद झाला असला तरी त्याच्या कानात चालूच होता.

"दारू," तो म्हणाला. मग धरण फुटावं तसं बोलत गेला. "सकाळी पेऊन आला होता तो. मी सांगतलं नाई. लाजेनं नाई सांगतलं. डोळे उघडत नोहते त्याचे. जीभ लटपटत होती. दोन दोन दिसते म्हने. ओकला. मी तोंड फिरवलं आन तो पडला. पडून नाई झालं हे, आधीच होतं."

मग कांताबाई म्हणाली, "वास नोहता, मामाजी. कपाळाले पदर बांधला मी, तोंडापाशी तोंड होतं माह्यं. दारूचा वास नोहता."

"पोटात दुखत होतं?" डॉक्टरांचा आवाज बदलला होता.

"हो जी. लय. आल्या आल्या मले ओवा मागतला."

आता मारोतरावला राहवेना. "भाऊजी, मले इचाराचं ना गा! पेलेला मानूस कसा असते हे तुमाले काय मालूम? जल्मात थेंब नाई घेतला. पेऊन घरी आलेला मानूस ओवा मागते का? तो चकना मागते."

डॉक्टर तिकडं लक्ष न देता विचारत होते, "रात्री झोपला कुठं?"

"बगीच्यात. झोपडीत," गोविंदा म्हणाला.

"खाटेवर?"

"खाट कुठची. बोऱ्या टाकून, जमिनीवर."

डॉ. सोनकुसरे उठले. आनंदरावच्या हाताची बोटं, पायाची बोटं, कानामागं, मानेखाली, सगळीकडं बॅटरी लावून शोधलं. कुठं सूज नाही, व्रण नाही. तरी ते समाधानानं मान हलवत होते. "नाहीच दिसणार. मण्यार चावली की दिसत नाही. मुंगी चावल्याएवढंही कळत नाही झोपेत. पहाटे पोट दुखतं. मग पापण्या पडतात, जीभ जड होते, एकाचे दोन दिसतात. मग सगळं अंग लुळं पडतं, श्वासाचे स्नायूसुद्धा. डोळ्यांची बाहुलीसुद्धा. बाबा, तुमचा पोरगा दारू प्यालेला नव्हता. त्याला साप चावला होता."

मोठे डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी स्वतः कांडी धरून ऐकलं, सगळी हकिगत पहिल्यापासून विचारली. जाताना ते कांताबाईला म्हणाले, "दाखवा म्हणालात ते बरं केलंत." आणि सापाच्या विषावरचं औषध मागवलं. ते उशिरा मिळतंय, फारसं काम करेलच असं नाही, हेही त्यांनी झाकून ठेवलं नाही. "खरं औषध तुमच्या हातात आहे. विष आपसूक उतरतं. चार दिवस लागोत की आठ, तोवर श्वास तुटता कामा नये."

सोनकुसरे यंत्र गुंडाळत होते. सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि याच्याजवळ बोलताना जपून बोला बरं. मण्यारीचा पेशंट बरेचदा आतून जागा असतो. हलता येत नाही, पण ऐकू येतं."

गोविंदानं पोराच्या मिटलेल्या डोळ्यांकडं पाहिलं. याच खाटेपाशी जीपचं बोलणं झालं होतं. घरच्या दारात जाऊ द्या, धड देहानं जाऊ द्या. आणि आत्ताच तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, पेऊन आला होता. पोरगा पडल्या पडल्या ऐकत होता. हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं.

कांताबाईला मात्र नवल वाटलं नाही. "मी तं बोलूनच राह्यली त्याच्याशी," ती म्हणाली.

मारोतराव जीप घेऊन काटोलला गेलाच. पण पोराला न घेता. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा जीपमधून माणसं उतरली. दसरा तोंडावर आला होता. दीक्षाभूमीवर जायला काटोल-खाप्याकडची माणसं तशीही नागपुरात येणार होती, आणि दीक्षाभूमी त्या दवाखान्यापासून चालत जाण्याइतकी जवळ. मारोतरावनं सगळ्यांना निरोप दिला होता, आधी फुगा, मग मैदान. पांढरी लुगडी नेसलेल्या बाया, टोप्या घातलेले म्हातारे, कॉलेजातली पोरं फाटकापाशी उभी राहत. एकेकाला आत सोडत. नर्सबाई प्रत्येकाला शिकवून शिकवून दमल्या, तर मारोतरावच शिकवू लागला.

"हळू दाब ना बाप्पा. सायकलचं टायर नाई भरून राह्यलो आपून."

"अंजनाबाई, तुमी गोष्टी सांगता आन फुगा इसरता. गोष्टी बाहेर जाऊन सांगजा."

"माह्या श्वासाले धरूनच दाबून राह्यली ना मी," अंजनाबाई म्हणे.

"तुमाले दमा हाय, मावशी. त्याले काहून दमा देता? उठा."

त्या गर्दीत गोविंदाला पोराजवळ एकटं बसायला मिळायचं ते दुपारच्या जेवणाच्या वेळी. माणसं डबे सोडायला बाहेर जात. तेव्हा तो फुगा हाती घेई. पहिल्या दुपारी नुसताच दाबत बसला. दुसऱ्या दुपारी म्हणाला, "आनंदा, मी बाप हावो तुह्या. मी एक डाव तुह्या तोंडाचा वास घेऊन पाहाले पाह्यजे होता. नाई घेतला." आणि मग फुगा दाबत दाबतच म्हणाला, "लोक काय म्हनतीन, याचंच पाह्यलं मी. तुले नाई पाह्यलं."

आनंदरावचं तोंड तसंच. मिटलेल्या पापण्यांच्या कडेनं पाणी आलं होतं. पण डोळे कोरडे पडू नयेत म्हणून नर्सबाई थेंब घालायच्या. ते थेंबांचं पाणी की दुसरं, हे गोविंदाला कळलं नाही. त्यानं धोतराच्या सोग्यानं ते पुसलं.

हालचाल दिसली ती आधी कांताबाईला. ती पायथ्याशी उभी राहून चादर सारखी करत होती. उजव्या पायाचा अंगठा चादरीखाली उचलला गेला आणि पडला. तिनं आरडाओरडा केला नाही. चादर बाजूला केली आणि म्हणाली, "पुन्हा करा." अंगठा पुन्हा उचलला गेला. मग तिनं नर्सबाईंना हाक मारली.

त्यानंतर रोज थोडं थोडं परत येत गेलं. आधी बोटं, मग कपाळावर एक आठी. मग पापण्या अर्ध्या वर, जड, पण वर. बाहुल्या बॅटरीला लहान होऊ लागल्या. डॉ. सोनकुसरे आपले काळ्या पायांचे पेशंट सोडून दिवसातून चक्कर टाकून जात. यंत्र आणत नसत. "आता ऐकायचं काय त्यात," म्हणत, आणि तरी थांबत.

एका सकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, "छाती आपली आपण हलायला लागलीय. आज सोडून पाहू." फुगा गोविंदाच्या हातात होता. "बाबा, हात काढा."

गोविंदाचा हात निघेना. त्याला काढायचा नव्हता असं नाही. बोटंच उघडत नव्हती. याच हातानं तो काटोलच्या दारात फुगा सोडणार होता. डॉक्टर थांबले. कांताबाई आली, सासऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि एकेक बोट सोडवलं. लहान लेकराच्या मुठीतलं खेळणं सोडवावं तसं.

फुगा उशीपाशी तसाच पडून राहिला.

छाती थांबली. गोविंदाला वाटलं, झालं. मग बरगड्यांच्या खालून काहीतरी ओढलं गेल्यासारखं झालं, छाती वर आली, खाली गेली. थांबली. पुन्हा वर आली. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. सगळे त्या छातीकडं बघत होते. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा मारोतराव भिंतीकडं तोंड करून उपरण्यानं डोळे पुसू लागला.

नळी दुसऱ्या दिवशी काढली. घसा सोलवटला होता. आनंदरावचा पहिला आवाज म्हणजे नुसता खरखराट. पाणी घोट घोट दिल्यावर संध्याकाळी कुठं शब्द फुटले. समोर बाप बसला होता. तो बापाकडं बराच वेळ बघत राहिला. ती नजर गोविंदाला पेलवेना, पण या खेपेला त्यानं तोंड फिरवलं नाही.

"सगळं ऐकलं मी," आनंदराव म्हणाला.

"हो."

"जीपचं बी."

"हो, पोरा."

"कांता जेवली नाई. मामा डबा आनत होता आन ती परत पाठवून राह्यली होती. तिले जेवाले घाला." एवढं बोलून तो दमला. डोळे मिटले. गोविंदाला वाटलं झोपला. पण थोड्या वेळानं त्यानं पुन्हा तोंड उघडलं. "वस्तीत सांगजा."

"काय सांगू?"

"का मी पेलो नोहतो." दम घेतला. "आन तुमी काय समजले, ते बी. तुमच्या तोंडानं."

गोविंदानं मान हलवली. मारोतराव खिडकीपाशी होता. त्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं, आणि कांताबाईचा डबा उघडून तिच्यापुढं सरकवला. "खा वं. हुकूम हाय." ती खाटेच्या कडेला बसून जेवू लागली. भाकर मोडताना ती पुन्हा पुन्हा नवऱ्याच्या छातीकडं बघत होती.

तेवढ्यात काटोलहून वस्तीतल्या यमुताईचा नवरा चंद्रभान आला. पायातल्या वहाणा दाराबाहेर काढून, हात धुऊन, बाह्या वर सारून. त्याची पाळी होती. फुगा सुटला हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खाटेकडं पाहून तो जागच्या जागी थबकला. "अरे, मंग माह्या काय उपयोग? जाऊ मी?"

"नोको जाऊ," गोविंदा म्हणाला. त्यानं स्टूल पायानं त्याच्याकडं ढकललं. "बस, चंद्रभान. तुले एक गोष्ट सांगाची हाय. आनंदाले पायरी लागली, असं मी सगळ्यायले सांगतलं ना, तसं नोहतं ते. त्या दिवशी सकाळी मी अंगनात उभा होतो..."

चंद्रभान बसला. आनंदराव डोळे मिटून ऐकत होता. त्याची छाती वर येत होती, खाली जात होती.